रूपगंगेचा साक्षीदार

आमच्या मास्तरांशी संसार करायचा म्हणजे रोज कोर्टात उभं राहायचं. सकाळी दूधवाला म्हणाला की तापीला पाणी चढलंय, तर हे चूळ भरता भरता विचारणार, तू पाहिलंस की ऐकलंस? तो म्हणणार, घाटावर लोक बोलत होते. मग हे म्हणणार, मतलब तुला ठाऊक नाही. बिचारा दूध ओतून सायकल काढायचा. एकदा भावकीत कुणी गेल्याचा निरोप आला. मी रडायला बसले, आणि यांनी निरोप्याला विचारलं की तू स्वतः पाहून आलास का. मी रडता रडता कपाळावर हात मारून घेतला. ज्याच्या मरणाचा निरोप होता तो माणूस पुढे चांगला जगला, नातवंडं खेळवली, ती गोष्ट वेगळी.

मी मथुरा, यांची बायको. यांचं नाव चुडामण शालिग्राम पाटील. जसोंडीच्या केळीवाल्या घरातले, पण नागपूरला जाऊन रसायनशास्त्र शिकले आणि बऱ्हाणपूरच्या एका हायस्कुलात मास्तर झाले. गावानं त्यांना नाव ठेवलं होतं पुरावा मास्तर. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण मी भाजीला गेले की बाया एकमेकींना कोपर मारून सांगायच्या, बघ, पुरावा मास्तरीण आली. मला राग यायचा आणि खोटं का बोलू, थोडा मानही वाटायचा.

नागपूरच्या काही विद्वान मंडळींनी त्या वेळी मराठीत ज्ञानकोश काढायचं मनावर घेतलं होतं. रोजच्या वापरातल्या वस्तूंच्या नोंदी त्यांनी यांच्याकडे दिल्या. साबण झाला, शाई झाली, आगकाडी झाली. मग आली तोंडाला लावायची तयार मलमं, मतलब स्नो, क्रीम, गोरं करणारे डबे. संपादकांचा नियम कडक होता आणि यांना तो देवाच्या आज्ञेसारखा वाटायचा. विकणाऱ्याचं ऐकायचं नाही. ज्याला त्या मालात काही मिळवायचं नाही अशा माणसानं छापून सांगितलेलं हवं, आणि तेही दोघांनी, आणि त्या दोघांनी एकमेकांचं उतरवलेलं नको. मी म्हटलं, एवढं बघून तर कुणी जावईसुद्धा करत नाही.

त्याच दिवाळीच्या तोंडावर राज्य बदललं. नागपूर गेलं मुंबई राज्यात, आम्ही राहिलो मध्यप्रदेशात, राजधानी भोपाळ. काल जे आपलं मोठं गाव होतं ते आज परराज्य झालं. शाळेतल्या पाट्या हिंदी झाल्या, यांना हिंदीची परीक्षा द्यायची नोटीस आली. मास्तर कोशाच्या कामाला आणखी घट्ट धरून बसले. शाळेतून आले की चहा आणि नोंदी, नोंदी आणि चहा.

आता सुमनचं सांगते, कारण सगळं तिच्यावरच येऊन थांबलं. सुमन माझी धाकटी बहीण. दापोऱ्याला आई-वडील गेले तेव्हा ती परकरी होती, मी तिला इथे आणून वाढवली. मॅट्रिक केली, शिवण शिकवलं. पोर गुणाची, पण रंगानं काळी. सावळी नाही, चांगली काळी. पाहुणे यायचे, पोहे खायचे, मुलीचे हात बघायचे, आणि घरी जाऊन कळवतो म्हणायचे. ती दर वेळी बशा घासताना गाणं गुणगुणायची, म्हणजे मला वाटावं की तिला काही वाटत नाही. मला सगळं कळत होतं.

अशात भाईदास शेठांकडून मागणं आलं. चौकात त्यांचं सुगंधी तेलं, साबण आणि स्नोचं मोठं दुकान. रूपगंगा क्रीमची एजन्सी अख्ख्या निमाडात त्यांचीच. त्यांचा मुलगा अरविंद सुमनच्या शिवणवर्गासमोरून रोज सायकलनं जायचा, त्यानंच घरी हट्ट धरला होता. दिवाळीनंतर साखरपुडा झाला. शेठाणी सोजरबाईंनी आपल्या हातानं सुमनच्या बोटात सोन्याची आंगठी घातली, सगळ्यांना दराब्याची मिठाई वाटली, आणि जाताना रूपगंगाच्या डब्या भरलेली पिशवी माझ्या हाती दिली. लग्न वैशाखात आहे, म्हणाल्या, तोवर रोज दोन वेळा लावू द्या, मांडवात लोक नावं ठेवणार नाहीत. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं. पण मी पिशवी डोक्याला लावून घेतली. बहिणीचं लग्न ठरलं होतं, मला डब्यांत काय आहे याच्याशी काय करायचं होतं?

यांना मात्र करायचं होतं. नोंद नेमकी त्याचीच होती ना. पहिल्यांदा तर हे भलतेच खूश झाले, कारण आधार भराभर मिळाले. एका पंचांगाच्या मागच्या पानावर कुणा वैद्यानं रूपगंगाची तारीफ केलेली, एका बायकांच्या मासिकात सौंदर्याचा सल्ला म्हणून तेच, आणि एका आरोग्याच्या पुस्तकातही तेच. तिघांनी लिहिलेलं की तापीच्या काठी माघात फुलणाऱ्या हेमपुष्पाचा यात अर्क आहे, म्हणून हे क्रीम निर्धोक. मी म्हटलं, झालं ना, दोन हवे होते, तीन मिळाले.

दुसऱ्या दिवशी जेवताना यांचा घास हातातच राहिला. मला विचारलं, मथुरा, तू दापोऱ्याची, तापीत पोहलेली. हेमपुष्प कुठलं गं? मी आठवून पाहिलं. करंज सांगितला, कण्हेर सांगितली, पण हेमपुष्प काही आठवेना. मग हे सायकल घेऊन सुटलेच. घाटावरच्या नावाड्यांना विचारलं, जसोंडीला भावांना विचारलं, दापोऱ्याला माझ्या लोटूमामाला विचारलं, देडतलाईच्या बाजारात जडीबुटी विकणाऱ्याला विचारलं. मामा तर म्हणाला, जावईबापूंना ऊन लागलं का काय? असं फूल कुणी पाहिलेलं नव्हतं, ना माघात, ना कधी.

घरी येऊन यांनी तिन्ही कागद आणि डबीबरोबरचं माहितीपत्रक ओळीनं चटईवर मांडलं. वाक्यंसुद्धा त्याच क्रमानं होती. कंपनीनं लिहिलं आणि तिघांनी उतरवलं, बस. एकाच माळेचे मणी. यांचा चेहरा असा पडला की मला हसू आवरेना. तीन साक्षीदार गेले, हे म्हणाले, आणि जे फूल नाही ते यांनी सांगितलं, तर जे आहे ते लपवलंही असेल.

माझं हसू माघातच संपलं. सुमन गोरी व्हायला लागली होती, ते खरं. शेजारणी हटकून विचारायच्या. पण सकाळी उठली की तिच्या डोळ्यांखाली सूज असायची. हिरड्या दुखतात म्हणून भाकरी सोडली, नुसती कढी आणि भात. झोप लागत नाही म्हणायची, आणि जी पोर कधी उलट बोलली नाही ती सुई हरवली म्हणून माझ्या अंगावर ओरडली. मी म्हटलं, लग्न ठरलेल्या मुलींचं असंच होतं. मास्तर तिच्याकडे बघत राहायचे. मग ते खंडव्याला गेले, कुठल्याशा वाचनालयातून इंग्रजी पुस्तक घेऊन आले, आणि सुमनला समोर बसवलं. म्हणाले, गोरं करणाऱ्या काही मलमांत पारा असतो, तो अंगात मुरतो, हिरड्या धरतो, मूत्रपिंडं धरतो. हे लावणं आजपासून बंद कर.

सुमननं विचारलं, त्यात रूपगंगाचं नाव आहे का? नव्हतं. पुस्तक काही मलमं म्हणत होतं, कुठली ते सांगत नव्हतं.

"दाजी, छापलेलं दाखवा," सुमन म्हणाली. "ज्याला यात काही मिळवायचं नाही अशा माणसाचं, आणि रूपगंगाचं नाव घेऊन. तुम्हीच शिकवलंत ना असं? दाखवलंत की त्या क्षणी डबी तापीत टाकते. तोवर मला लावू द्या. मला परत पोह्यांच्या बशा घासायच्या नाहीत."

यांनी आयुष्यभर ज्या काठीनं दुसऱ्यांना हाणलं तीच यांच्या पाठीत बसली. मला तिचा राग आला, तिची कीवही आली, आणि मनातल्या मनात मी तिच्याच बाजूची होते. लग्न होऊ दे एकदा, मग बंद कर म्हणावं. वैशाख काही लांब नव्हता. पण तिची सूजही थांबत नव्हती, आणि मास्तरांना आता नोंदीसाठी नव्हे, तर या पोरीसाठी साक्षीदार हवा होता.

त्यांनी एक डबी लाखेनं बंद करून सरकारी तपासणीला धाडली. डबी परत आली. राज्याची वाटणी झालीय, हे काम आता आमच्याकडे नाही, असं लिहून. दुसरीकडे धाडली, तिथून उत्तर की दप्तर अजून पोचलेलं नाही, पोचल्यावर कळवू. शेतं वाटतात, भांडी वाटतात, ते पाहिलं होतं. माहिती वाटताना कुठे पडते ते तेव्हा पाहिलं. हे रोज पोस्टमनची वाट बघत ओट्यावर उभे राहायचे, आणि आत सुमन आरशासमोर डबीचं झाकण उघडायची.

अशातच भाईदास शेठ स्वतः घरी आले. कोशाची बातमी त्यांना कुठून लागली कोण जाणे. माणूस गोड, बोलणं लोण्यासारखं. म्हणाले, मास्तर, एवढा मोठा ग्रंथ होतोय, त्यात आपल्या रूपगंगाचं नाव येऊ द्या, निर्धोक आहे एवढ्या दोन ओळी घाला. माहितीपत्रक आणलंय, पाहिजे तर त्यावरून उतरवून घ्या. आता आपण काही परके नाही. मी दाराआडून यांच्याकडे डोळे वटारले, हो म्हणा, हो म्हणा. हे म्हणाले, आधार मिळाला तर लिहीन. शेठ हसले, पण चहा अर्धा ठेवून गेले. त्या दिवशी मी यांच्याशी कडाडून भांडले. दोन ओळींनी यांचं काय जाणार होतं? आपला तो बाब्या म्हणायला एवढं जड का व्हावं माणसाला?

आणि मग आंगठीचं झालं. फाल्गुनात लोटूमामा केळीचा घड घेऊन आला. भाचीचा हात हातात घेतला आणि थबकला. सोन्याची आंगठी तळव्याच्या बाजूनं पांढरी पडली होती. मीही पाहिली नव्हती, सुमन म्हणाली साबणानं झालं असेल. मामा तांबडालाल झाला. आमच्या पोरीला आईबाप नाहीत म्हणून खोटं सोनं घातलं? मी पाय धरेपर्यंत मामा आंगठी काढून घेऊन सराफात पोचला, आणि भर बाजारात उचलली जीभ लावली टाळ्याला. भाईदास शेठांनी मुलामा दिला, हे अख्ख्या सराफ्यानं ऐकलं. मग सराफानं आंगठी निखाऱ्यावर धरली, आणि ती पुन्हा पिवळी झाली. म्हणाला, सोनं अस्सल आहे, याला पारा लागला होता. मास्तर शाळेत पारा हाताळतात ना, त्यांच्याच हातून लागला असेल.

मामा मान खाली घालून परत आला. बोललेलं मात्र परत येत नाही. शेठांचा निरोप संध्याकाळच्या आतच आला की रविवारी सकाळी येतो, आंगठी परत न्यायला.

मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं आणि सरळ देवघरात गेले. माझं पूजेचं तांब्याचं ताम्हण उचललं, त्यात रूपगंगाचं बोट पुसलं, लिंबू पिळलं, आणि फडक्यानं घासत बसले. मी ओरडले, अहो, देवाचं आहे ते. घासता घासता तांबं पांढरं झालं, चांदीसारखं लख्ख. आम्ही तिघंही त्याच्याकडे बघत राहिलो. पारा, हे म्हणाले. सुमन म्हणाली, हे तुम्हीच केलंत, तुमच्याच घरात. मला वाटलं आता हे चिडणार. हे म्हणाले, बरोबर बोलतेस, मी धड स्वतंत्र नाही, माझं धरता येत नाही. असा नवरा शोधून सापडायचा नाही. पोरीचं तोंड सुजतंय आणि हा माणूस नियम पाळतोय.

शनिवारी मी यांच्यापुढे पदर पसरला. म्हटलं, सराफानंच वाट दाखवलीय. उद्या फक्त एवढं म्हणा की शाळेतला पारा माझ्या हातून लागला. शेठांचा मान राहील, मामा माफी मागेल, लग्न होईल. हे म्हणाले, आणि सुमन? वैशाखापर्यंत लावत राहील, आणि मग त्या घरात तर डब्यांची काय कमी? मी म्हटलं, नंतर मी समजावीन तिला. उद्या काय बोलणार ते यांनी सांगितलं नाही. आंगठी मी सुमनच्या बोटात परत घालायला लावली होती, कारण रिकाम्या बोटानं समोर जायचं म्हणजे आपणच मोडल्यासारखं. बोट इतकं सुजलेलं की साबण लावून घालावी लागली.

रविवारी शेठ आले ते सोजरबाईंना घेऊन. आमच्याकडे रीत आहे की सोयरीक मोडताना जिनं आंगठी घातली तिनंच ती काढायची, दुसऱ्या कुणी हात लावला तर दोन्ही घरांना लागतं. अरविंद आला नव्हता, त्याला येऊ दिलं नव्हतं. शेठ बैठकीत बसले, समोर मास्तर, कोपऱ्यात मामा. बाजूच्या खोलीत सोजरबाई, मी आणि सुमन, मधलं दार उघडं. सोजरबाईंनी सुमनच्या तोंडाकडे पाहिलं आणि पटकन नजर वळवली. शेठाणी असून ही बाई अंगावर सोनं दिसू देत नसे, काचेच्या बांगड्या आणि गळ्यापर्यंत पदर. आम्ही बाया त्याला साधेपणा म्हणायचो.

शेठांचा आवाज चढला नाही. म्हणाले, मास्तर, सराफ सांगतो तुमच्या शाळेतला पारा लागला. तुम्ही तेवढं तुमच्या तोंडानं म्हणा, मामांनी हात जोडावेत, मी चहा घेऊन उठतो, झालं गेलं विसरलो. मामानं हात आधीच जोडले. माझा जीव कानात गोळा झाला होता. म्हणा हो, म्हणा.

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, शाळेत पाऱ्याची बाटली आहे, माझ्या कुलपात असते, मी ती वर्षभरात उघडलेली नाही. पारा तुमच्या डबीत आहे, शेठ.

शेठांनी शांतपणे विचारलं, "हे कुणी सांगितलं?"

"कुणी नाही," हे म्हणाले. "मी घासून पाहिलं. आणि मी मुलीकडचा, तेव्हा माझं धरू नका. पण मुलीला लावू नका."

मला धरणी फाटावी असं झालं. खोटं बोलायचं नव्हतं तर नुसतं गप्प बसायचं, हा कुठला हात दाखवून अवलक्षण? शेठ उठलेच. दाराकडे न बघता म्हणाले, काढून घ्या आंगठी.

सोजरबाईंनी सुमनचा हात आपल्या मांडीवर घेतला. आंगठी निघेना. बोट सांध्याशी फुगलेलं, सुमन ओठ चावत होती, आणि मला तेव्हा दिसलं की सोजरबाईंचे हात कापताहेत. रागानं नाही, भीतीनंही नाही. नुसते कापत होते, थांबवता थांबत नव्हते. मी साबणाचं पाणी आणायला उठले, तर त्यांनी मला हातानंच बसवलं. सुमनचं बोट त्या कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग डोक्यावरचा पदर सावरला आणि दार ओलांडून बैठकीत गेल्या. परपुरुषांसमोर त्या कधी आलेल्या नव्हत्या.

पोलक्याच्या आतून त्यांनी मंगळसूत्र बाहेर ओढलं. वाट्या पांढऱ्याफटक होत्या.

मास्तरांना म्हणाल्या, दुकानात हे क्रीम आलं तेव्हापासून मी लावते. यांचं म्हणणं, शेठाणीचं तोंड बघूनच बाया डबी घेतील. पुढे एक दिवस वाट्या अशा झाल्या. सराफाकडे कशी नेऊ? गावभर झालं असतं की भाईदासांनी बायकोला खोटं मंगळसूत्र घातलं. म्हणून आत ठेवते. मग वाट्या पुढे धरून म्हणाल्या, "मास्तर, खरं सांगा. मग हे खोटं नाही?"

मास्तरांनी मान हलवली, नाही. निखाऱ्यावर धरलं की पिवळं होईल, म्हणाले, अस्सल आहे.

शेठ परत खाली बसले. मग बायकोला म्हणाले, तू एकदा विचारायचं तरी. त्या म्हणाल्या, काय विचारायचं? मला खोटं घातलंत का, असं विचारायचं? मी दारात उभी होते आणि माझ्या डोळ्यांना धार लागली होती, सांगायला लाज कसली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो या बाईनं वर्षानुवर्षं खाल्ला, आणि मार देणारा कुणी नव्हताच.

सुमन उठली. कोनाड्यातली डबी घेतली, उरलेल्या डब्यांची पिशवी घेतली, आणि शेठांच्या पायाशी नेऊन ठेवली. छापलेलं मागितलं नाही, कुणाला काही विचारलं नाही. रूपगंगा विकून ज्या घरात चूल पेटत होती त्या घरातल्या बाईनं सांगितलं होतं, त्याहून मोठा साक्षीदार कुठून आणायचा? मास्तर खाली मान घालून बसले होते, आणि त्यांचे खांदे हलत होते, ते मी लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिलं.

आंगठीचं शेठांनी विचारलं. सोजरबाई म्हणाल्या, राहू द्या बोटात, सूज उतरली की आपसूक निघेल, आणि निघाली तर मीच परत घालीन. शेठ त्यावर हूं म्हणाले. शेठ काही देवमाणूस झाले नाहीत, ते इथेच सांगून टाकते. गोदामातला माल त्यांनी लगेच फेकला नाही, नवा मागवायचा मात्र बंद केला, आणि त्यावर कंपनीशी भांडण झालं तेव्हा एजन्सी सोडली. लग्न वैशाखात ठरल्या तिथीलाच झालं. सुमन मांडवात परत तिच्या मूळ रंगावर आली होती, बाया कुजबुजल्या, अरविंदला काही फरक पडला नाही. नोंद मास्तरांनी संपादकांना परत पाठवली. लिहिलं की मुलीकडचाही मी आणि विकणाऱ्याचा व्याहीही मी, ही दुसऱ्या कुणाला द्या. मी म्हटलं, एवढं सगळं करून नाव दुसऱ्याचं? हे म्हणाले, बरोबर आहे ते.

पण त्या रविवारी सगळे उठायच्या आधी सोजरबाई मास्तरांसमोर पुन्हा थांबल्या. दोन्ही हात पुढे धरले. बोटं कापत होती, बांगड्या किणकिणत होत्या. रांगोळीचा ठिपका धरता येत नाही, म्हणाल्या, दातही हलतात, मला वाटलं वय झालं. लावणं आजपासून सोडते.

"हात बरे होतील का हो?"

मास्तरांनी हातांकडे पाहिलं. त्या इंग्रजी पुस्तकात काय लिहिलं होतं ते मला त्यांनी वाचून दाखवलेलं होतं. फार दिवस मुरलेलं असलं तर हातांचा कंप जात नाही, ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

"होतील," ते म्हणाले.